आईच्या हाताचा काठ

डोंगरावरचे साधू आपा तुआन गेल्याची बातमी बंदरावर आली तेव्हा मी एका धान्याच्या होडीचं शीड मांडीवर घेऊन बसलो होतो. तळ्यापलीकडून आलेल्या नावाड्याने दोर खुंटाला बांधता बांधता सांगितलं आणि सगळं बंदर थांबलं. हमालांनी पोती खाली ठेवली. कांदे विकणाऱ्या बाईने डोक्यावरचं फडकं पुढे ओढलं. कुणीतरी छातीवर क्रूस काढला, मग सगळ्यांनीच काढला. मी दाभण शिडात तसाच टोचून ठेवला आणि घराकडे निघालो. तकूईला, माझ्या बायकोला, सांगायला हवं, दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी आपण सांगायला हवं, एवढंच डोक्यात होतं. कसं सांगायचं तेही ठरवत होतो. आधी तिला चुलीपासून उठवायचं, भिंतीला टेकून बसवायचं, हातात पाण्याचा वाडगा द्यायचा, मग सांगायचं. तिचा सख्खा भाऊ, उभ्याने ऐकवणार नाही तिला, गुडघे आधीच दुखतात. मिठाच्या वखारीपाशी एक पिवळं कुत्रं नेहमी वाटेत झोपलेलं असतं. मी जवळून जाताना ते उठलं, माझ्याकडे बघून पुन्हा आडवं झालं, आणि तेव्हा मला आठवलं की तकूई गव्हाच्या कापणीआधीच गेली. मीच तिला पुरलं. तो वाडगाही मीच धुऊन पालथा घातला, अजून तसाच आहे. मी थोडा वेळ वखारीच्या भिंतीला हात लावून उभा राहिलो. भिंत गरम होती. मग परत आलो, दाभण शिडातून ओढून काढला आणि राहिलेली शिवण पुरी करायला बसलो. शेजारी दोर वळणाऱ्या कास्तोरने मान वर न करता विचारलं, "तुझा मेव्हणा ना रे तो?"

"हो."

"मग घरी जा की."

"जाऊन आलो," मी म्हटलं.

तकूई गेली त्या दिवशी राकोटीतल्या, शहराच्या जुन्या वस्तीतल्या, आमच्या गल्लीतल्या बायका तळ्यावर गेल्या, ओंजळीने चिखल आणला, केस सोडून डोक्याला आणि तोंडाला फासला आणि आमच्या दारात बसून रडल्या. आमच्याकडे आई-आजीपासून असंच करतात. मोठ्या रस्त्यावरची ग्रीक बोलणारी माणसं नाक मुरडतात, चर्चलाही ते आवडत नाही. डीकन सीरिओन आले आणि दारातच थांबले. "पुनरुत्थानावर विश्वास आहे ना तुमचा?" ते म्हणाले. "मग हा चिखल कशाला, बायांनो?" शेजारची सेनामून सगळ्यांत पुढे होती, तिचे फक्त डोळे दिसत होते. ती म्हणाली, "विश्वास आहे, डीकन. चिखलपण आहे. दोन्ही राहू द्या आजचा दिवस." तकूई ऐकत असती तर हसली असती. ती कुठेही हसायची. मला वाटतं मी तिच्याशी लग्न केलं ते त्यासाठीच, नाहीतर तिच्या माहेरी एका लाल गाईशिवाय काही नव्हतं. मूलबाळ झालं नाही. त्याचंही तिने फार दिवस रडगाणं केलं नाही, निदान माझ्यासमोर नाही. आता, हे लिहिताना, 'माझ्यासमोर नाही' या शब्दांपाशी मी थांबतो.

बायको गेली की घर खायला उठतं म्हणतात. माझं घर रिकामं वाटतच नाही, ते टोपल्यांनी भरलेलं आहे. आढ्याला टोपल्या, खुंट्यांना टोपल्या, अंथरुणाच्या उशाला टोपल्या. काहींत डाळ, काहींत सुकवलेले मासे, बहुतेकांत काही नाही. "तकूई, खजुराचं दुकान काढतेस का गं?" सेनामून दर वेळी विचारायची. "काढणार आहे," ही म्हणायची, "तुला उधार देणार नाही." सगळ्या टोपल्या नित्रियाच्या डोंगरावरच्या. तिथले साधू खजुरीची पाती भिजवून दिवसभर विणतात, हात चालू आणि तोंडाने स्तोत्रं चालू. त्यांचा कारभारी तळं ओलांडून टोपल्या आमच्या बंदरावर आणतो आणि त्यांच्या बदल्यात धान्य नि तेल घेऊन जातो. शहरात कुणाच्याही घरी त्यातली एखादी सापडेल. पण आमच्या घरातल्या टोपल्यांचा काठ वेगळा आहे, आणि ते का, हे जगात तीन माणसांना ठाऊक होतं. त्यांतला एकच उरलाय असं मला बातमी आली त्या दिवशी वाटलं होतं.

तुआन तिच्यापेक्षा थोरला. मी सोयरीक घेऊन तिच्या गावी गेलो त्याच्या आधीच तो डोंगरावर निघून गेला होता, त्यामुळे मेव्हणा असून मी त्याचं तोंड कधी पाहिलं नाही. हळूहळू त्याचं नाव झालं, लोक त्याला आपा, म्हणजे बाबा, म्हणू लागले. तो मीठ खात नाही, तो आडवा होऊन झोपत नाही, त्याने हात ठेवला की ताप उतरतो, असं लोक सांगू लागले. डोंगरावर गर्दी झाली तसा तो आणखी आत वाळवंटात गेला, जिथे एका कोठडीतून दुसऱ्या कोठडीची हाक ऐकू येत नाही. बंदरावर त्याच्या गोष्टी निघाल्या की तकूई भाजी निवडत ऐकायची आणि घरी आल्यावर म्हणायची, "मीठ खात नाही म्हणे. लहानपणी गाईच्या पुढ्यातलं मीठ चाटायचा." सासूबाई वारल्या त्या वर्षी तिने ठरवलं की भावाला सांगायला जायचं. मी म्हटलं, निरोप पाठवू. ती म्हणाली, "आईच्या मरणाचा निरोप पाठवतात का?" होडीने तळं ओलांडलं, मग गाढव, मग पायी. तिथल्या म्हाताऱ्या साधूंनी आधी नाहीच म्हटलं, मग मी बरोबर आहे म्हणून दारापर्यंत जाऊ दिलं. दार म्हणजे मातीच्या भिंतीतली एक फळी. बंद. ती फळीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "तुआन, मी तकूई."

आतून उत्तर नाही. ओली पाती एकमेकांवर घासल्याचा बारीक आवाज येत होता. ती खाली बसली. भिंतीची हातभर सावली पडली होती, तिच्यात पाय आत घेऊन बसली. "आत घेत नाहीस तर नको घेऊ," ती म्हणाली, "सावली बरी आहे तुझ्या दाराची." मग गाठोडं सोडून तिने भाकरी आणि कांदा काढला, अर्धा मला दिला, आणि खाता खाता दाराशी बोलायला लागली. आई गेली. शेवटी पाय सुजले होते, पण जेवण जात होतं. लाल गाय विकली. मामाने फसवलं, पण मामा तुला ठाऊक आहे. विहिरीजवळचं खजुरीचं झाड वाऱ्याने पडलं, दुसरं आहे. आई गेली म्हणताना आतला आवाज थांबला होता. गाईपाशी तो परत सुरू झाला. ते दोघं बोलत बसलेत आणि मीच मध्ये आलोय असं मला तेव्हा वाटलं होतं. शेवटी तिने कमरेच्या कापडातून हाडाचा एक जुना दाभण काढला. तिची आई त्याने टोपल्यांचे काठ वळायची. "हा ठेवून जाते," ती म्हणाली. "मला काय करायचा, माझ्या नवऱ्याकडे दाभणांचा ढीग आहे." तिने तो उंबऱ्यावर ठेवला. तेव्हा आतून आवाज आला, पण तो माझ्याशी बोलला. "भाऊ, बाईंना आत्ता नेऊ नका. ऊन उतरू द्या. वाळू तापलेली असते." एवढंच. परतताना वाटभर ती तेच बोलत होती. "बाईंना म्हणाला. ऐकलंस ना तू? मला बेडकी म्हणायचा हा. बाईंना." आणि हसत होती, आणि मध्येच नाक पुसत होती.

पुढच्या हिवाळ्यात ती बंदरावर माझं जेवण घेऊन आली आणि कारभाऱ्याच्या ढिगापाशी थबकली. एक टोपली उचलून तिने काठावरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. डोंगरावरच्या टोपल्यांचे काठ साधे असतात, पात्यांची टोकं आत मोडून शिवून टाकलेली. हा काठ दुहेरी होता, दोरासारखा पिळलेला. तिच्या गावातही तिच्या आईशिवाय कुणी तो घालत नसे, कारण त्याला वेळ लागतो आणि टोपली काही जास्त दिवस टिकत नाही, नुसती बघायला बरी दिसते. पिळलेला काठ फिरत फिरत जिथून निघाला तिथे परत येतो, आणि शेवटचा वळसा पहिल्याच्या पोटात असा सरकवायचा की सांधा दिसू नये. तिने तो सांधा शोधून काढला. तिथे काठ जरा दबलेला होता. "अजून ओढतोच," ती म्हणाली. "शेवटी जोरात ओढायचा, आई बोटांवर मारायची, तरी ओढायचा." ती टोपली आम्ही घेतली. मग जी येईल ती घेतली. महिन्या-दीड महिन्यात एखादी यायची. शहरातल्या बायका साधूंसाठी सुकवलेल्या भाकरी पाठवतात, तशी तीही एक जुनी टोपली भरून परत पाठवायला लागली. "कुणाला द्यायची?" कारभारी विचारायचा. "ज्याने विणली त्याला," ती म्हणायची. आणि पाठवण्याआधी माझ्या डब्यातला निळा धागा, ज्याने मी शिडावर मालकाची खूण घालतो, तो काठाच्या एका पिळात ओवून द्यायची. मी एकदा विचारलं, त्याने तर सगळं सोडलंय, हे चालतं का. ती म्हणाली, "तो काही बोलत नाही, मी काही बोलत नाही. टोपली घेणं पाप आहे का?" मी धाग्याचा डबा तिच्याकडे सरकवला.

बातमी आल्यानंतर काही दिवसांनी डीकन सीरिओन माझ्या छपरीत आले. दोराच्या वेटोळ्यावर बसले, झगा सावरला. वाईट माणूस नाही. तकूईच्या तापात दोनदा येऊन प्रार्थना करून गेले होते. आपा तुआनचं चरित्र लिहायचं काम बिशपांनी त्यांच्यावर सोपवलं होतं. स्मरणाच्या दिवशी ते सगळ्या चर्चमध्ये वाचून दाखवणार होते. "बहिणीचा प्रसंग घ्यायचा आहे," ते म्हणाले. "डोंगरावर सगळ्यांना पाठ आहे. पण तू तिथे होतास, म्हणून एकदा ऐकून घे, चूक असली तर सांग." आणि त्यांनी सांगितलं. बहीण आक्रोश करत आली. दारावर डोकं आपटलं. एकदा तोंड दाखव म्हणाली. आतून आपा तुआन म्हणाले, मी मेलेला आहे, मेलेल्या माणसाला बहीण नसते. ती बेशुद्ध पडली, तिला उचलून न्यावं लागलं, आणि आपांनी मरेपर्यंत तिची आठवणसुद्धा काढली नाही. त्यांचा आवाज चांगला आहे. वाचून दाखवतील तेव्हा माणसं रडतील.

"तिने डोकं आपटलं नाही," मी म्हटलं.

"बरं. मग काय केलं?"

"कांदा खाल्ला."

"पानूफ, कांदा लिहिता येत नाही."

"का?"

"लोक हसतील."

"हसू द्या. तीपण हसत होती."

"तुझं दुःख ताजं आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "तिला कमी लेखायचं नाही मला. पण ती जेवढी रडेल तेवढं त्यांचं सोडणं मोठं दिसतं, समजून घे. रक्ताचं नातं तोडणं हेच तर त्यांचं सगळ्यांत मोठं काम." मग उठता उठता म्हणाले, "शिष्याने तीन वर्षं मरण लपवलं नसतं तर हे तिच्या तोंडूनच ऐकता आलं असतं."

मी विचारलं, कसली तीन वर्षं. त्यांना वाटलं होतं मला माहीत आहे. आपा तुआन आत्ता गेले नव्हते. नदीला पाणी कमी आलं त्या वर्षीच गेले. आमचे लोक संताचं शरीर पळवून नेतात, तागाच्या पट्ट्यांत गुंडाळून घरात ठेवतात, त्यावरून गावागावांत मारामाऱ्या होतात, म्हणून शिष्याने त्यांना वाळूत कुठेतरी पुरलं आणि कुणाला सांगितलं नाही. जागा तो अजूनही सांगत नाही. डीकन गेले आणि मी शिवायला बसलो. दाभण दोनदा बोटात गेला. कमी पाण्याचं वर्ष. त्यानंतर आमच्याकडे टोपल्या येतच होत्या. तकूई आजारी पडली तेव्हासुद्धा एक आली होती. तिने ती अंथरुणावर पोटाशी धरली होती आणि काठावरून अंगठा फिरवत म्हणाली होती, "आली बघ." मेलेला माणूस टोपल्या विणत नाही. मी घरी जाऊन एकेक टोपली खाली उतरवली, सांध्यावर बोट ठेवून बघितलं. मला काही कळलं नाही. मी शिडं शिवतो. सगळे काठ मला सारखेच लागत होते.

त्यानंतर मला राग आला. कुणावर ते ठरवता येत नव्हतं. असं वाटत होतं की ती तीन वर्षं फसली, आणि फसलेली मेली, आणि मी बाजूला बसून बघितलं. ती भाकरी भाजायची, उन्हात सुकवायची, गुडघे धरून उठायची. कुणासाठी. आणि आता तिचं चरित्रातलं डोकंही दारावर आपटणार. कास्तोर दोन दिवस मला बघत होता. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने दोर टाकला आणि म्हणाला, "पानूफ, तुझा निळा धागा शोधत डोंगर खाली उतरलाय बघ." त्याच्या मागे एक म्हातारा साधू उभा होता. पाय फुटलेले, मेंढीचं कातडं अंगावर, बगलेत एक टोपली. मी बसायला फळी पुढे केली. तो बसला नाही.

"निळा धागा तुमचा का?"

"माझ्या बायकोचा."

"बाई कुठे आहेत?"

"नाहीत. कापणीआधी गेल्या."

तेव्हा तो बसला. फळीवर नाही, खाली जमिनीवर. टोपली मांडीवर घेतली. "मी ते ओळखलंच होतं," तो म्हणाला. "पण ओळखणं वेगळं." त्याचं नाव पेकीस. तुआनकडे तो पंधरा-वीस वर्षं होता, नक्की त्यालाही सांगता येईना. मी त्याला पाणी दिलं. तो बोलायला लागला की बोटं मांडीवर चालत, हातात पाती नसताना विणल्यासारखी. तुआन शेवटच्या आजारात पडला तेव्हा त्याने पेकीसला बोलावलं आणि हाडाचा दाभण हातात दिला. म्हणाला, हा काठ शिक. "मला वाटलं ही एखादी साधना आहे," पेकीस म्हणाला. "धीर शिकवत असतील. मी सगळा उन्हाळा शिकलो. धड येईना. ते पडल्या पडल्या उसवायला लावायचे. शेवटी म्हणाले, बरं, दिसायला तसा दिसतो. मी गेलो की हा काठ घालत जा. शहरात एक बाई आहे, ती काठ बघते. जोवर काठ येतो तोवर तिला मी आहे. आई गेली तेव्हा मी दार उघडलं नाही. माझं मरण तरी तिच्या दारात जायला नको."

"बाई म्हणाले?" मी विचारलं.

पेकीसने आठवून बघितलं. "नाही. आधी म्हणाले, बेडकी. मग म्हणाले, शहरात एक बाई आहे."

मी शीड बाजूला केलं. समोर तळ्यावर ऊन होतं, दोन होड्या वाळूचं ओझं घेऊन येत होत्या. पेकीस सांगत होता. म्हणून त्याने मरण लपवलं. लोक समजतात शरीरासाठी, तेही होतंच, पण पहिलं कारण हे. टोपली आणि भाकरी निळ्या धाग्यासकट परत यायची तेव्हा त्याला वाटायचं, चाललं, आजचा दिवस चाललं. या कापणीनंतर टोपली परत आली नाही. पुढचीही नाही. तेव्हा तो समजला, आणि मग लपवायचं कारणच उरलं नाही, म्हणून म्हाताऱ्यांना जाऊन सांगितलं. त्यांनी त्याला खोटारडा ठरवलं. आता तो सगळ्यांपासून वेगळा बसून जेवतो. काठाचं कारण त्याने सांगितलं नव्हतं. "सांगितलं तर म्हणतील आणखी एक रचतोय. आणि आपांचं नाव जाईल. बहीण विसरले म्हणून तर लोक त्यांना मानतात." तो कसानुसा हसला. "एक बरं झालं. बाईंना कळलं नाही. माझा हात आपांसारखा नाही, शेवटचा वळसा मला कधी जमला नाही, ढिला राहतो. पण बाईंनी ओळखलं नाही. उलट आधी धागा कुठेही असायचा, काठाच्या मध्ये, बाजूला. त्या वर्षापासून तो बरोबर शेवटच्या वळशावर यायला लागला. घट्ट ओढून बांधलेला. मला वाटायचं, चला, माझी ढिली जागा झाकली गेली."

मी त्याला म्हटलं, पुन्हा सांगा. त्याने पुन्हा सांगितलं. कमी पाण्याचं वर्ष. त्या वर्षी तळं आटून पार मागे गेलं होतं आणि काठाला नुसता चिखल होता. मी एकदा संध्याकाळी घरी आलो तर तकूई दारात बसली होती. केस सुटलेले, डोक्याला, गालांना, गळ्याला चिखल, सुकून पांढरा पडलेला. मी घाबरलो. ती म्हणाली, "तळ्यावर घसरले." मी म्हटलं, "डोक्यावर घसरलीस? म्हातारपणी पोहायला निघालीस की काय?" ती हसली. चिखलाला तडे गेले. मी पाणी तापवलं, तिचं डोकं धुतलं, आणि सगळा वेळ तिची चेष्टा करत होतो, आणि ती मान खाली घालून बसली होती. पाणी डोळ्यांत जातंय म्हणाली. त्या दिवशी सकाळी कारभारी येऊन गेला होता. नवी टोपली कोपऱ्यात पालथी पडलेली होती, मी ती उचलून खुंटीला लावली. रात्री ती जेवली नाही, पोट बरं नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने भाकरीचं पीठ मळलं.

"बाबा," मी म्हटलं, "तिला माहीत होतं. तुआन शेवटी जोरात ओढायचा, तिच्या अंगठ्याला सांधा ढिला लागला असणार."

पेकीसची बोटं थांबली. मी चिखलाचं सांगितलं. त्याला चिखल समजावून सांगावा लागला नाही, तोही आमच्याच लोकांतला. त्याने मांडीवरच्या टोपलीच्या काठावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "मग तीन वर्षं भाकरी का पाठवत राहिल्या? आपा नाहीत हे कळल्यावर?"

"ज्याने विणली त्याला द्या म्हणायची ती. तुम्ही उपाशी राहाल म्हणून असेल."

त्याने मान खाली घातली. मी उठून होड्यांकडे बघत उभा राहिलो. माझ्या डोक्यात त्याच्या भाकरीचं नव्हतं. माझ्या घरात, माझ्या समोर, तिने भावाचं सगळं सुतक एकटीने केलं, आणि मी ते धुऊन टाकलं. मला का सांगितलं नाही, हे मी तेव्हापासून विचारतो आहे. सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, मग आता टोपल्या कशाला. हे ती जाणून होती. किंवा मी बंदरावर बोललो असतो आणि त्या कोठडीतल्या माणसाचं उघडं पडलं असतं. किंवा भाऊ आणि ती, त्यांच्या दोघांत मला आधीपासून जागा नव्हती, दारासमोर कांदा खाताना होती तेवढीच. यातलं कुठलंही खरं असेल. रागावून बघितलं, राग टिकत नाही. मला फक्त एवढंच वाटतं की तिचं डोकं धुताना मी जरा कमी बोलायला हवं होतं, पाणी जरा आणखी कोमट ठेवायला हवं होतं.

डीकनना मी काठाचं सांगितलं नाही. सांगावंसं खूप वाटलं. संध्याकाळी चर्चच्या ओसरीत ते एकटे होते, मी बसलो, तोंडही उघडलं. मग वाटलं, तुआनने ते आपल्या लोकांपासून लपवलं, तिने माझ्यापासून लपवलं, पेकीस त्यासाठी वेगळा जेवतो आहे, आणि मी ते सगळ्या चर्चमध्ये मोठ्याने वाचायला द्यायचं. पण तिला दारावर डोकं आपटताना मी ऐकू शकणार नाही, हेही तेवढंच खरं होतं. मी म्हटलं, "डीकन, बाकी काय ते लिहा. ती रडली आणि बेशुद्ध पडली, तेवढं काढा."

"मग तिथे काय लिहू?"

"बहीण आली. दाराच्या सावलीत बसली. आई गेल्याचं सांगितलं. ऊन उतरल्यावर गेली."

"यात आपा तुआन कुठे आहेत?"

"ते म्हणाले, वाळू तापलेली असते, ऊन उतरू द्या."

त्यांनी मला परत म्हणायला लावलं. ओठ हलवून स्वतःशी म्हणून बघितलं. "हे तर अगदीच साधं आहे," ते म्हणाले. मी म्हटलं, हो. ते म्हणाले, बघतो. बिशपांना दाखवावं लागेल. कांद्याबद्दल मात्र त्यांनी पुन्हा विचारलं, खरंच खाल्ला का, आणि मी हो म्हटल्यावर तोंडावर हात धरून हसले.

पेकीस दुसऱ्या दिवशी होडीने परत गेला. मी त्याला तिच्या हातच्या उरलेल्या भाकरी बांधून दिल्या, दगडासारख्या झाल्या होत्या, तो म्हणाला चालतात, भिजवून चालतात. मी त्याला म्हटलं, टोपल्या पाठवत जा. काठ साधा घाला हवं तर. तो म्हणाला, साधा आता हाताला येत नाही. आणि बगलेतली टोपली त्याने माझ्याजवळ दिली. धागा यायचा थांबला त्या दिवशी तो ती विणत होता. काठ सगळा फिरून आला आहे, शेवटचा वळसा तेवढा सोडलेला आहे, पात्यांची टोकं बाहेर लोंबतात. त्या टोकांत हाडाचा दाभण खोवलेला होता. "तुमच्याकडे ढीग आहे म्हणे," तो म्हणाला. ते दाराबाहेर तकूई म्हणाली होती. म्हणजे तेव्हा आत पेकीसही होता, किंवा तुआनने कधीतरी त्याला सांगितलं होतं.

टोपली माझ्या पुढ्यात आहे. पाती वाळली आहेत, मी ती रोज पाणी शिंपडून ओली ठेवतो. निळा धागा डब्यात आहे. डीकनचं उत्तर अजून आलेलं नाही. शेवटचा वळसा तुआनला येत होता, तकूईला येत होता, तिच्या आईला येत होता. पेकीसला तो जमला नाही आणि मला कुणी शिकवला नाही. तो घालायचा राहिला आहे.